निर्गुडीच्या पाल्याने सूज खरंच उतरते का? चाचणी कशी करावी, मदत हवी

वारणाकाठ
नमस्कार मंडळी,

मी सांगलीत एम. फार्म. करते, विषय फार्माकॉलॉजी. प्रबंधासाठी निर्गुडीची पानं घेतली आहेत. त्यांनी सूज उतरते का, हे तपासायचं आहे. माझं गाव शिराळा तालुक्यात, वारणेच्या खोऱ्यात. आमच्याकडे निर्गुडी कुणी मुद्दाम लावत नाही, ती ओढ्याच्या कडेला आपसूक माजते. भातलावणीच्या दिवसांत आजीचे गुडघे भरून येतात. मग संध्याकाळी चुलीवर लोखंडी तवा, त्यावर बचकाभर पाला, वरून थोडं एरंडेल. पाला मऊ पडून काळपट झाला आणि त्याचा तो उग्र वास घरभर सुटला, की जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून गुडघ्यावर शेक. गार झाला की परत तव्यावर. सकाळी आजीचा पाय टेकतो.

आता माझा आराखडा ऐका. पानं सावलीत वाळवायची, भुकटी करायची, सॉक्सलेटमध्ये (अर्क काढायच्या काचेच्या उपकरणात) इथेनॉलने अर्क काढायचा, तो पांढऱ्या उंदरांना तोंडावाटे द्यायचा, पंजात सूज आणणारं कॅराजिनन टोचायचं आणि सूज किती कमी झाली ते मोजायचं. ग्रंथालयातले जुने प्रबंध काढून बघितले तर बहुतेकांनी हेच केलंय. गाईड म्हणतात, सरळ पद्धत आहे, वेळेत होईल.

मला खटकतं ते हे की आजीने निर्गुडी कधी पोटात घेतलेली नाही. तिने ती वाळवली नाही, दारूत उकळली नाही. ती ताजी, गरम आणि कातडीवरून लावते. मग उंदराच्या पोटात अर्क घालून मी नक्की कशाची परीक्षा घेणार? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

सेवानिवृत्त_कराड
वारणाकाठ, प्रश्न अगदी मुळातला आहे. मी बरीच वर्षं फार्माकॉलॉजी शिकवली, आणि हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावा म्हणून वाट पाहिली आहे.

आधी ही चाचणी काय सांगते ते बघू, म्हणजे काय सांगत नाही तेही कळेल. कॅराजिनन हा लाल समुद्री शेवाळातून काढलेला पदार्थ. त्याचं एक टक्क्याचं द्रावण ०.१ मिली उंदराच्या पंजाच्या तळव्यात टोचलं की काही तासांत पंजा टरारून सुजतो. विंटर, रिस्ली आणि नस यांनी १९६२ मध्ये ही पद्धत मांडली. सूज दोन टप्प्यांत येते. शरीरातलीच द्रव्यं ती आणतात: पहिल्या तासा-दीड तासात हिस्टामिन आणि सेरोटोनिनचं काम असतं, तिसऱ्या तासापासून प्रोस्टाग्लँडिनचा जोर. अ‍ॅस्पिरिनच्या जातीची औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्यामुळे तुझा अर्क पहिल्या तासात चालतो की तिसऱ्या-पाचव्या, यावरून तो कुठे हात घालतो याचा अंदाज येतो. एवढी या चाचणीची ताकद.

पण ती सूज काही तासांची. आजीच्या गुडघ्यातली कूर्चा वर्षानुवर्षं झिजलेली आहे. शिवाय तोंडावाटे दिलेला अर्क आतड्यातून यकृतात जातो, तिथे त्याचं रूप बदलतं, मग तो रक्तात येतो. कातडीवरच्या पाल्याला यातलं काहीच करावं लागत नाही. त्याच्यापुढची अडचण वेगळी, त्याला कातडी ओलांडायची असते. म्हणजे या चाचणीत निर्गुडी पास झाली तरी आजीचा शेक सिद्ध होत नाही, आणि नापास झाली तरी तो खोटा ठरत नाही.

एक धोक्याची सूचना. काही जण अर्क पोटाच्या पोकळीत टोचतात आणि पंजाची सूज कमी झाली म्हणून खूश होतात. तिथे नुसती आग होणारा कुठलाही पदार्थ टोचला तरी पंजाची सूज उतरू शकते. त्या वाटेला जाऊ नकोस.

कोरेगावचा_शेतकरी
ताई, आमच्याकडं तिला निगडी म्हणत्यात. माणसांचं सोडा, बैलाचा खांदा जुवानं सुजला तर म्हातारी माणसं हाच पाला ठेचून, गरम करून बांधायची. बैलाला कुणी सांगत न्हाई की हे औषध हाय, तरी दोन दिसांत तो मान टाकायचा थांबायचा. कणगीत ज्वारी-गव्हाला कीड लागू नये म्हणून बी पाला घालत्यात.

एक सांगतो. शेकाला कोवळी पानं कुणी घेत न्हाई. पाऊस सरल्यावर पान जून झालं, पालथी बाजू पांढुरकी दिसाय लागली की मग घ्यायचं. उन्हाळ्यात ओढा आटला की पान बारकं पडतं पर वास लई मारतो. तुम्ही कवाचं पान घेणार ते लिहून ठिवा.

हाडं_सांधे_सांगली
मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगलीत दवाखाना आहे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या बायका-माणसं कंबर, गुडघे, मनगटं घेऊन येतात, आणि निम्म्यांनी आधी निर्गुडी बांधून बघितलेली असते. त्यामुळे या धाग्यात मला मनापासून रस आहे.

माझा मुद्दा एकच आहे, पण तो सोडू नका. शेकात दोन गोष्टी आहेत, पाला आणि ऊब. नुसत्या उबेने आखडलेला स्नायू सैल होतो, रक्तपुरवठा वाढतो, दुखणं मेंदूपर्यंत कमी पोचतं. गरम वाळूची पुरचुंडी गुडघ्यावर ठेवली तरी बऱ्याच जणांना बरं वाटतं. त्यामुळे "निर्गुडी लावली आणि बरं वाटलं" एवढ्यावरून श्रेय पाल्याला देता येत नाही. पाल्यासोबतचा गरम शेक आणि पाल्याशिवायचा, तेवढ्याच तापमानाचा, तेवढाच वेळ दिलेला शेक, या दोन्हींची तुलना केल्याशिवाय उत्तर मिळणार नाही.

आणि हे सगळ्यांसाठी: ताजा मुरगळा असेल, सांधा लाल झाला असेल, हाताला गरम लागत असेल, तर पहिले दोन दिवस शेक नको, निर्गुडीचाही नको. ऊब दिली की रक्त तिकडे जास्त धावतं आणि सूज वाढते. तिथे थंड पट्टी. शेक जुन्या, आखडलेल्या दुखण्याला. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांनी तर गरम पुरचुंडी बांधून झोपूच नये, भाजलेलं कळत नाही. अशा जखमा मी पाहिल्या आहेत.

वैद्य_वाई
नमस्कार. मी आयुर्वेदाचा पदवीधर, वाईत व्यवसाय करतो. आजी करते तो प्रकार आमच्याकडे पत्रपिंड स्वेद म्हणून शिकवला जातो. निर्गुडी, एरंड, रुई अशी वातहर पानं चिरून तेलात परतायची, पुरचुंडी बांधायची आणि शेकायचं. निर्गुडी उष्ण, वातकफहर, शोथहर म्हणजे सूज उतरवणारी. निर्गुडीचं तेल आजही रोज लिहून दिलं जातं.

वरच्या मताशी माझा मतभेद आहे. ऊब वेगळी आणि पाला वेगळा, असं तोडून बघणं आमच्या शास्त्राला धरून नाही. स्वेदन हा एकच उपचार आहे. पाला गरम झाल्यावरच त्याचे गुण कामाला लागतात. उद्या तुम्ही पाला थंडगार लावून बघाल, काही होणार नाही, आणि लिहाल की निर्गुडी निकामी.

हाडं_सांधे_सांगली
वैद्यजी, थंड पाला कुणीच सुचवलेला नाही. दोन्ही बाजूंना ऊब ठेवायची, एकीकडे निर्गुडी आणि दुसरीकडे दुसरं काही. निर्गुडी खरोखर काही करत असेल तर उबेवर तिची भर दिसेल. यात तुमच्या शास्त्राचा अवमान कुठेच नाही, उलट पाल्याला त्याचं स्वतःचं श्रेय मिळण्याची हीच वाट आहे.

वैद्य_वाई
असं मांडलंत तर मला मान्य आहे. मात्र एक लक्षात घ्या, निर्गुडीचा वास पेशंट लगेच ओळखतो. ज्याला वास येईल त्याला आधीच बरं वाटायला लागेल.

सेवानिवृत्त_कराड
वैद्यराज, हा मुद्दा फार मोलाचा आहे. त्यावर एक उपाय सुचतो. शेक देण्याच्या खोलीत दोन्ही गटांसाठी निर्गुडीचा पाला उकळत ठेवायचा. वास सगळ्यांनाच येईल, मग आपल्या पुरचुंडीत काय आहे ते कुणाला ओळखता येणार नाही. हे अर्थात माणसांवरच्या अभ्यासासाठी. त्याला संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि सीटीआरआयवर (माणसांवरच्या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) आधी नोंदणी लागते. एम. फार्म.च्या मुदतीत ते बसणं अवघड.

प्राण्यांपुरतं बोलायचं तर वारणाकाठ, तुझ्या प्रश्नाला जवळची चाचणी आहे उंदराच्या कानावरची. छोट्या उंदराच्या एका कानाला क्रोटन तेल लावायचं, कान सुजतो. त्यावर मलम लावायचं. ठरलेल्या वेळी दोन्ही कानांतून सारख्या मापाच्या चकत्या काढून वजन करायचं, वजनातला फरक म्हणजे सूज. इथे औषध कातडीवरूनच जातं. गट असे ठेव: औषध न घातलेलं नुसतं मलम, निर्गुडी घातलेलं मलम, आणि तुलनेला बाजारात मिळणारं एक टक्क्याचं डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं जेल. त्यात एक गट आजीच्या पद्धतीने एरंडेलात परतलेल्या पाल्याच्या तेलाचा घातलास, आणि त्याच्या जोडीला पाल्याशिवाय तेवढंच तापवलेल्या एरंडेलाचा, तर तो भाग मी सगळ्यात आधी वाचेन. एरंडेलाचा गट विसरू नकोस, नाहीतर तेलाचं काम पाल्याच्या नावावर जमा होईल.

आणि प्राणी हवेतच का, हेही विचार. संस्थेची प्राणी नीतिशास्त्र समिती पहिला प्रश्न हाच विचारते. फ्रान्झ डिफ्यूजन सेलमध्ये कातडीचा तुकडा ताणून, वर अर्क आणि खाली द्रावण ठेवून, पलीकडे काय उतरलं ते मोजता येतं. पाल्यातलं काहीच कातडी ओलांडत नाही असं दिसलं, तर पुढच्या सगळ्या उंदरांचा जीव वाचेल.

बी_फार्म_तिसरं_वर्ष
सर, आम्ही प्रोजेक्टमध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकावर चाचणी केली होती. अल्ब्युमिन (बलकातलं प्रथिन), पीएच ६.४ चं बफर आणि अर्क एकत्र करून ३७ अंशांवर ठेवायचं, मग ७० अंशांना तापवायचं, आणि ६६० नॅनोमीटरच्या प्रकाशात किती गढूळ झालं ते बघायचं. जितकं कमी गढूळ, तितका अर्क सूज रोखणारा मानतात. आमच्याकडे निर्गुडी डायक्लोफिनॅकच्या बरोबरीने आली. त्यात प्राणी लागत नाहीत. ताई ही करू शकतील का?

सेवानिवृत्त_कराड
करू शकते, पण निष्कर्ष काढताना हात आखडता घ्यावा लागेल. उष्णतेने अल्ब्युमिनचं साकळणं आणि गुडघ्यातली सूज, यांच्यातला दुवा फार पातळ आहे. त्यातून पाल्यात टॅनिन ही तुरट द्रव्यं असतात आणि टॅनिनना प्रथिनं धरायची सवयच असते. अर्काचा स्वतःचा हिरवा-तपकिरी रंगही यंत्राला फसवतो. प्रत्येक मात्रेला अर्काचा वेगळा ब्लँक, म्हणजे रंग वजा करायला अल्ब्युमिनशिवायचा नमुना, ठेवला होता का? नसेल तर आकडे पुन्हा काढून बघ. तांबड्या पेशींच्या आवरणावरची चाचणीही तशीच. तिथे रक्त देणाऱ्याने आधीचे दोन आठवडे वेदनाशामक गोळी घेतलेली नसावी अशी अट असते, ती कोण किती पाळतं हा प्रश्नच आहे. या चाचण्या चाळणी म्हणून चालतील. "निर्गुडी डायक्लोफिनॅकइतकीच गुणकारी" असं वाक्य मात्र त्यावरून लिहू नये. ते वाक्य पुढे कुणाच्या तरी बाटलीवर छापलं जातं.

सोय असेल तर त्याहून बरं म्हणजे मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींना जिवाणूंच्या आवरणातला पदार्थ देऊन चेतवायचं आणि चेतल्यावर त्या सोडतात ते नायट्रिक ऑक्साइड किती तयार होतं ते मोजायचं. पण त्याच वेळी पेशी जिवंत आहेत ना, हे तपासायलाच हवं. अर्काने पेशी मेल्या तरी नायट्रिक ऑक्साइड कमीच दिसणार.

मिरजेची_माई
मला तुमचं शास्त्र कळत नाही, पण सांगावंसं वाटतं. मला आमवात आहे, बोटांचे सांधे सुजतात. डॉक्टरांची आठवड्याला एकदा घ्यायची गोळी चालू होती. ओळखीतल्या एकीने "शंभर टक्के जडीबुटी, निर्गुडीची" म्हणून एक पावडर आणून दिली. काय सांगू, चार दिवसांत बोटं मोकळी झाली. मी गोळी बंद केली. पुढे तोंड फुगलं, साखर वाढली, आणि पावडर संपल्यावर अंथरुणातून उठवेना. डॉक्टरांनी सांगितलं की त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असणार. निर्गुडी बिचारी बदनाम झाली. पोरी, तू जे लिहिशील त्यात हे स्पष्ट लिही की शेक वेगळा आणि आमवाताची गोळी वेगळी.

हाडं_सांधे_सांगली
माई, अनुभव लिहिलात हे फार बरं केलंत. सगळ्यांनी लक्षात ठेवा, "जडीबुटी"च्या पावडरीने चार दिवसांत सांधे मोकळे झाले तर आनंदाआधी शंका यावी. आणि अशी पावडर बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं. पावडरीचा डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. आमवातात सांधा आतून पोखरला जातो, तो कुठल्याही शेकाने थांबत नाही.

पानफूल_सातारा
मी साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. सगळे चाचणीबद्दल बोलताहेत, मी पानाबद्दल बोलते, कारण पान चुकलं तर पुढचं सगळं वाया.

निर्गुडीचं शास्त्रीय नाव व्हायटेक्स निगुंडो. पान हाताच्या पंजासारखं, तीन किंवा पाच पर्णिकांचं, मधली सगळ्यात लांब, बाजूच्या आखूड होत जाणाऱ्या. वरून हिरवी, खालून बारीक लव असल्याने पांढुरकी. कोवळी फांदी बोटांत फिरवली की चौकोनी लागते. फुलं लहान, निळसर जांभळी, शेंड्याला तुऱ्यात. पूर्वी ही सागाच्या व्हर्बेनेसी कुळात होती, आता तुळशीच्या लॅमिएसीत धरतात. जुने संदर्भ वाचताना गोंधळ नको. शहरांत कुंपणाला पांढऱ्या कडेच्या पानांची एक शोभेची झुडपं लावतात, तीही व्हायटेक्सच, पण जात दुसरी, व्हायटेक्स ट्रायफोलिया. बागवाले तिलाही निर्गुडी म्हणून विकतात. कॉलेजच्या कुंपणावरून पाला आणू नकोस.

फुलोऱ्यासकट फांदी दाबून, वाळवून, हर्बेरियम पत्रक (ओळखीसाठी जपलेला वाळका नमुना) कर. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून किंवा पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडून ओळख पटवून घे आणि नमुन्याचा क्रमांक प्रबंधात दे. शेतकरीदादांनी पालथी बाजू आणि जून पानाबद्दल जे लिहिलं, ते शास्त्रालाही धरून आहे. श्रीलंकेतल्या संशोधकांनी २००३ मध्ये उंदरांवर काम केलं तेव्हा मुद्दाम जून, ताजी पानं घेऊन पाण्यातला अर्क केला होता. म्हणजे ताज्या पानावर काम करता येतं, वाळवायलाच हवं असं नाही.

वाळवण्याने आणि तासन्‌तास उकळण्याने काय जातं, तेही बघ. निर्गुडीचा वास म्हणजे तिच्यातलं उडून जाणारं तेल. त्यात सॅबिनीन, कॅरिओफायलीन असली द्रव्यं. कॅस्टिसिनसारखे फ्लॅव्होनॉइड आणि निगुंडोसाइड, अ‍ॅग्नुसाइड हे मागे राहतात. शेवटचे दोन पाण्यात विरघळणारे, त्यांना कातडी ओलांडणं जड. तेलातली हलकी द्रव्यं मात्र कातडीतून सहज जातात. त्यामुळे अल्कोहोलमधला अर्क आणि आजीचा तव्यावरचा पाला, या रसायनाच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू असू शकतात.

वैद्य_वाई
पानफूल मॅडम, फार छान. आम्ही पाला तेलात का परततो, पाण्यात का नाही, त्याचं निदान एक संभाव्य कारण हे दिसतंय. आजवर मी ते परंपरा म्हणूनच करत आलो.

कोरेगावचा_शेतकरी
एक विचारतो, राग मानू नका. आमच्या आज्या-पणज्यांचं हे ज्ञान. उद्या ताईंचा प्रयोग यशस्वी झाला आन कुणी कंपनीनं पेटंट घेतलं तर?

पानफूल_सातारा
दादा, राग कसला. हळदीचं उदाहरण बघा. जखम भरण्यासाठी हळद, याचं अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्याला आव्हान दिलं, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कशाच्या जोरावर? हे आपल्याकडे आधीपासून माहीत होतं, याचे छापील पुरावे दाखवता आले म्हणून. लिहिलेलं असणं हेच आपलं हत्यार. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याखाली गावागावांत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या ग्रामपंचायतीत विचारा, तिच्यात निगडीची नोंद आहे का, आणि बैलाच्या खांद्याचा उपयोग लिहिला आहे का. नसेल तर लिहून घ्यायला लावा.

वारणाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आज गाईडशी बोलून आले. ते आधी नाराज होते, पण फ्रान्झ सेलची कल्पना त्यांना पटली, कारण उपकरण विभागात पडूनच आहे. आता क्रम असा ठरतोय. आधी तीन प्रकारचा माल करायचा: ताज्या पाल्याचा पाण्यातला अर्क, सावलीत वाळवलेल्या पाल्याचा इथेनॉलमधला अर्क, आणि एरंडेलात परतून गाळलेलं तेल. परतताना तव्याचं तापमान मोजायचं. आजी अंदाजाने करते, मी थर्मामीटर लावून तिच्याकडूनच करून घेणार. तिन्ही मालांचं टीएलसी (घटक वेगळे करून दाखवणारी पातळ थरावरची चाचणी) शेजारी शेजारी, मग फ्रान्झ सेल. ज्यातलं काही कातडी ओलांडेल तेवढ्याच मालासाठी कानाच्या चाचणीची परवानगी मागायची, एरंडेलाच्या गटासकट. कॅराजिनन सध्या बाजूला.

सर, एक शंका. कानाच्या चकत्या मीच काढणार आणि मीच वजन करणार. चालेल का?

सेवानिवृत्त_कराड
चकत्या तू काढ, वजन दुसऱ्याने करावं आणि त्याला गट माहीत नसावा. कुप्यांवर नावं न लिहिता खुणा टाक, खुणांची यादी गाईडकडे पाकिटात बंद राहू दे. आकडेमोड पूर्ण झाल्यावरच पाकीट उघडायचं. आणि निर्गुडी नुसत्या एरंडेलापेक्षा सरस ठरली नाही, तरी ते तसंच छाप. असे निकाल कुणी छापत नाही, म्हणून पुढचा विद्यार्थी तेच उंदीर पुन्हा मारतो.

वारणाकाठ
छापणार, नक्की. माईंचं म्हणणं प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात घेते, पावडरीच्या भेसळीसकट.

पाला मात्र एकाच जागेचा नको, असं गाईड म्हणतात. शिराळ्याकडचा पावसाळी भागातला मी आणेन. सातारा जिल्ह्याच्या कोरड्या भागातलाही हवा आहे. कोरेगावच्या दादा, तुमच्याकडच्या ओढ्याचा मिळेल का? फुलोऱ्याची फांदीही लागेल.

कोरेगावचा_शेतकरी
मिळंल की. पर आत्ता नको, पान कोवळं हाय. पाऊस उघडू द्या, मग तुरे बी सापडतील. सकाळी लवकर या, ऊन चढलं की पान मलूल पडतं. येताना गोणपाट आणा, प्लास्टिकच्या पिशवीत पाला घाम धरतो आन सांगलीला पोचस्तोवर काळा पडंल.

पानफूल_सातारा
जाल तेव्हा मला कळवा, मीही येते. फांदी दाबायची जाळी आणि टीपकागद माझ्याकडे आहेत.